सामूचा आकडा खरा, तरच उपाय बरा
कोलकात्याच्या न्यू टाउनमधील गच्चीवरच्या बागा आणि पाण्याच्या अचूक मोजणीचा प्रश्न

कोलकात्याच्या पूर्वेकडील कडेला, उत्तर २४ परगणा जिल्ह्यातील राजारहाट भागात न्यू टाउन हे नियोजित नगर वसले आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम बंगाल गृहनिर्माण पायाभूत सुविधा विकास महामंडळाने, म्हणजेच हिडकोने, त्याची उभारणी केली. जेथे पूर्वी भातखाचरे व मासळीची तळी होती, तेथे आज बहुमजली गृहसंकुले उभी आहेत. जमीन गेली, तरी झाडांची हौस गेलेली नाही; ती गच्चीवर आणि सज्जात चढली आहे. बंगालीत ‘जबा’ म्हटली जाणारी जास्वंद, ‘गंधराज’ या नावाने ओळखला जाणारा अनंत, सुवासासाठी प्रसिद्ध असलेले गंधराज लिंबू, हिवाळ्यात शेवंती आणि डेलिया अशी झाडे कुंड्यांतून वाढवली जातात. कोलकात्याला ही हौस नवी नाही. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८२० मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी आजही अलिपूर येथे कार्यरत आहे.

मराठी विस्तार कार्यकर्त्याने इतक्या दूरच्या नगराकडे का पाहावे, असा प्रश्न पडेल. कारण असे, की हिंजवडी, वाकड, खारघर किंवा नाशिकच्या वाढत्या उपनगरांत घरगुती बागांपुढे जो प्रश्न आहे, तोच न्यू टाउनमध्ये अधिक ठळकपणे दिसतो. एकाच घरात नदीचे, विंधन विहिरीचे, आरओ यंत्राचे आणि पावसाचे असे चार प्रकारचे पाणी येते. प्रत्येकाचा सामू निराळा असतो, आणि तो मोजण्याची रीतही थोडी निराळी असते. मोजणी चुकली की निदान चुकते. निदान चुकले की उपाय चुकतो. घरगुती बागेत हा चुकीचा उपाय बहुधा कीटकनाशकाच्या फवारणीचे रूप घेतो, आणि तीही मुले खेळतात व कपडे वाळतात अशा जागी. म्हणून सामूची अचूक मोजणी हा पीक संरक्षणाचाही विषय ठरतो.

सामू म्हणजे काय

द्रावणातील हायड्रोजन आयनांची क्रियाशीलता सांगणारा निर्देशांक म्हणजे सामू. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये, कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत असताना, ही मोजपट्टी मांडली. तिची घडण लघुगणकी आहे. सामू एकाने बदलला, तर आम्लता दहापट बदलते. दोनने बदलला, तर शंभरपट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ एवढा सामू ग्राह्य धरते. पिणाऱ्याच्या दृष्टीने या पट्ट्याची दोन्ही टोके सारखीच योग्य आहेत. झाडाच्या मुळांना आणि फवारणीच्या द्रावणाला मात्र या दोन टोकांतील शंभरपट फरक जाणवतो. ‘नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, म्हणजे बागेलाही उत्तमच’ हा समज येथेच ढासळतो.

सामू मोजण्याचे आधुनिक यंत्रही शेतीच्याच गरजेतून पुढे आले. १९३४ मध्ये अमेरिकेतील अर्नोल्ड बेकमन यांनी कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगासाठी, लिंबाच्या रसाची आम्लता मोजता यावी म्हणून, काचेच्या इलेक्ट्रोडला विद्युत प्रवर्धकाची जोड दिली. आज खिशात मावणारा पेनसारखा सामूमापक त्याच तत्त्वावर चालतो. यंत्र स्वस्त झाले. त्याची निगा राखण्याची शिस्त मात्र तेवढ्या सहजतेने घरोघरी पोचली नाही.

एका घरातील अनेक पाणी

न्यू टाउनच्या सुरुवातीच्या काळात पाण्यासाठी खोल नलिकाकूपांवर भिस्त होती. पुढे हुगळी नदीचे पाणी शुद्ध करून पुरवण्याची व्यवस्था उभी राहिली. या दोन पाण्यांचा स्वभाव वेगळा आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट भरपूर असतात, आणि पुष्कळ ठिकाणी लोहही असते. नदीच्या पाण्यातील विद्राव्य क्षार ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात ते विरळ होतात, उन्हाळ्यात वाढतात. शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन वापरले जाते, त्याचाही परिणाम पाण्याच्या गुणांवर होतो.

संकुलात आलेले पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत साठते आणि मग गच्चीवरच्या टाकीत चढते. टाकी नव्या काँक्रीटची असेल, तर त्यातील चुना पाण्यात उतरून सामू वाढतो. उघड्या पिंपात शेवाळ धरले असेल, तर ते दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते आणि दुपारपर्यंत सामू नऊच्या आसपास जाऊ शकतो. रात्री तो पुन्हा उतरतो. त्यामुळे त्याच पिंपातील सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळला नाही, तर दोष मापकाचाच असेल असे नाही.

यात आरओ यंत्राची भर पडते. त्यातून गाळून येणाऱ्या पाण्यात क्षार फार थोडे उरतात. उलट टाकून दिल्या जाणाऱ्या पाण्यात क्षार व बायकार्बोनेट एकवटलेले असतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत हे टाकाऊ पाणी कुंड्यांना घातले जाते. हेतू चांगला आहे. पण मूळ पाणी आधीच जड असेल, तर हीच काटकसर काही महिन्यांत कुंडीतील माध्यम विम्ल करून टाकते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी व पावसाचे पाणी हे जवळपास क्षारमुक्त असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे स्वच्छ पावसाच्या पाण्याचा सामू सुमारे ५.६ असतो.

दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणीही बहुधा बायकार्बोनेटयुक्त व जड असते. म्हणून न्यू टाउनच्या नलिकाकूपाविषयी पुढे जे सांगितले आहे, ते पुण्यातील किंवा छत्रपती संभाजीनगरमधील गृहसंकुलाच्या बोअरलाही बहुतांशी लागू पडते.

नमुना घेतानाच होणारी चूक

खोल भूजलात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. पंपातून बाहेर येताच तो वायू हवेत निसटू लागतो आणि पाण्याचा सामू चढू लागतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलेले पाणी पंपाच्या तोंडाशी सातच्या जवळपास सामू दाखवील. तेच पाणी बादलीत रात्रभर राहिले, की आठच्या वर जाईल. दोन्ही आकडे खरे असतात. मात्र त्यांचे अर्थ वेगळे असतात. पहिला आकडा भूजलाचा, दुसरा प्रत्यक्ष कुंडीत जाणाऱ्या पाण्याचा. बागेसाठी दुसराच उपयोगाचा. प्रयोगशाळेत पाठवायच्या नमुन्यासाठी मात्र बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये आणि त्याच दिवशी तपासणी व्हावी.

पाण्यात लोह असेल, तर आणखी एक बदल घडतो. पाणी उपसले तेव्हा नितळ असते. हवेशी संपर्क येताच लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस गाळ बसतो. हा गाळ इलेक्ट्रोडच्या काचेवर चढला, की मापक सुस्त होतो आणि आकडा स्थिरावण्यास फार वेळ घेतो. असे पाणी नेहमी मोजणाऱ्याने इलेक्ट्रोड अधूनमधून अतिसौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन, पुन्हा साठवण द्रावणात ठेवावा.

उत्तर २४ परगणा हा आर्सेनिकग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. सामूचा आकडा आर्सेनिकविषयी काहीही सांगत नाही. नलिकाकूपाच्या पाण्यावर पालेभाजी वाढवणाऱ्यांनी ती तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वतंत्रपणे करून घ्यावी.

साधनांची पारख

रोपवाटिकांच्या दुकानांत बॅटरीशिवाय चालणारी, मातीत खुपसायची ‘थ्री-इन-वन’ काडी मिळते. ओलावा, प्रकाश आणि सामू ही तिन्ही मापे ती देते, असे वेष्टनावर छापलेले असते. तिच्या टोकाला दोन भिन्न धातू असतात आणि ओलसर मातीत त्यांच्यात अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह ओलाव्यानुसार व क्षारांनुसार बदलतो. सामूशी त्याचे नाते भरवशाचे नाही. ती काडी पाण्याच्या पेल्यात बुडवून मिळालेल्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

सामूदर्शक कागद हा ढोबळ अंदाजासाठी ठीक आहे. मात्र कागदावरील रंगद्रव्ये स्वतः सौम्य आम्ल किंवा विम्ल असतात. आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याला स्वतःचा सामू धरून ठेवण्याची ताकद नसल्यामुळे तेथे कागद पाण्याचा सामू दाखवण्याऐवजी त्याला आपल्याच बाजूला ओढतो. थेंबांचे दर्शक द्रावण कागदापेक्षा बरे. पण गढूळ अथवा लोहयुक्त पाण्यात रंग ओळखू येत नाही, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन रंग फिकट करतो. असे पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग तपासावे.

०.१ पर्यंत विश्वासार्ह आकडा हवा असेल, तर काचेच्या इलेक्ट्रोडचा पेन-मापक घ्यावा. महाग मापक असूनही प्रमाण द्रावणाने न तपासलेला असेल, तर त्यापेक्षा साधा पण नियमित तपासलेला मापक केव्हाही श्रेष्ठ.

कॅलिब्रेशन : मोजणीचा पाया

काचेचा इलेक्ट्रोड प्रत्यक्षात सामू मोजत नाही; तो मिलिव्होल्टमध्ये विद्युतदाब देतो. २५ अंश सेल्सिअसला सामूच्या प्रत्येक एककामागे आदर्श इलेक्ट्रोड ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. इलेक्ट्रोड जुना होत जातो तसा हा उतार घटतो. ज्ञात सामूच्या प्रमाण द्रावणांत, म्हणजेच बफरमध्ये, मापक बुडवून हा उतार पुन्हा जुळवणे म्हणजे कॅलिब्रेशन.

१. किमान दोन बफर वापरावेत. बाजारात ४.०१, ६.८६ किंवा ७.००, आणि ९.१८ या बफरची पाकिटे वा गोळ्या मिळतात. बागेच्या पाण्याचा सामू बहुधा ६ ते ९ यांमध्ये येत असल्याने ६.८६ आणि ९.१८ ही जोडी अधिक योग्य. पाकीट सांगितलेल्याच मापाच्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे.

२. तिसऱ्या बफरने परीक्षा घ्यावी. दोन बफरवर मापक जुळवल्यानंतर तो ४.०१ च्या बफरमध्ये बुडवावा. आकडा ०.१ पेक्षा अधिक चुकत असेल, तर इलेक्ट्रोड स्वच्छ करून प्रक्रिया पुन्हा करावी. तरीही चूक राहिली, तर इलेक्ट्रोडचे आयुष्य संपले असे समजावे. साधा इलेक्ट्रोड साधारण एक ते दोन वर्षे टिकतो.

३. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नये. विम्ल बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषतो व त्याचा सामू घसरतो. त्याची बाटली घट्ट बंद ठेवावी.

४. दोन द्रावणांच्या मध्ये इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा आणि कागदी रुमालाने फक्त टिपून घ्यावा. काचेचा गोळा घासू नये. घासल्याने स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि आकडा भरकटतो.

५. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. साध्या पाण्यात एक-दोन मिनिटे लागतात. पहिल्या पाच सेकंदांतील आकडा टिपून ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

६. इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नये आणि ऊर्ध्वपातित वा आरओच्या पाण्यातही ठेवू नये. तसे केल्यास आतील पोटॅशियम क्लोराइड बाहेर झिरपून संदर्भ-जोड निकामी होते. तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे काही थेंब टोपणात घालून त्यात तो ठेवावा.

तापमानाविषयी विशेष दक्षता हवी. कोलकात्यातील गच्ची मे महिन्यात भट्टीसारखी तापते. ९.१८ हा बफरचा सामू २५ अंशांचा. ४० अंशांना त्याच बफरचा खरा सामू सुमारे ९.०७ असतो. तापलेल्या बफरला मापक ९.१८ समजून जुळवला, तर तेथेच ०.१ ची चूक घर करते. ‘स्वयंचलित तापमान भरपाई’ असे मापकावर लिहिलेले असले, तरी ती भरपाई इलेक्ट्रोडच्या उतारापुरती असते. पाण्याचा स्वतःचा सामू तापमानाने बदलतो, तो बदल ती पुसून टाकत नाही. म्हणून बफर, नमुना आणि मापक ही तिन्ही घरात सावलीत अर्धा तास एकत्र ठेवावीत, सारख्या तापमानाला येऊ द्यावीत आणि मग मोजणी करावी. तापमानाची नोंदही सामूच्या शेजारीच करावी.

आरओच्या पाण्याचा हुलकावणी देणारा आकडा

आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात मापकाचा आकडा सतत सरकत राहतो आणि मापक बिघडला असा समज होतो. खरे कारण निराळे आहे. क्षार अत्यल्प असल्याने पाणी वीज नीट वाहून नेत नाही, आणि भोवतालच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड क्षणोक्षणी त्यात विरघळत असतो. अशा पाण्यात तीन ते पाच मिनिटे थांबावे, पाणी जोराने ढवळू नये, आणि शक्य असल्यास नमुन्यात शुद्ध पोटॅशियम क्लोराइडची चिमूट टाकावी. आकडा लवकर स्थिरावतो.

एवढे करूनही या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. क्षारमुक्त पाण्याचा सामू साडेपाच आला काय किंवा साडेसहा आला काय, कुंडीतील माती त्याला काही मिनिटांत आपल्या सामूवर आणते. जड पाण्याचे तसे नसते. तेथे पाणीच मातीला आपल्याकडे ओढते. हा फरक ज्या गुणाने पडतो, तो गुण म्हणजे विम्लता.

सामू आणि विम्लता : दोन वेगळी मापे

सामू म्हणजे पाण्याची या क्षणाची स्थिती. विम्लता म्हणजे आम्ल पचवण्याची त्याची क्षमता. ही क्षमता मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते आणि ती कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात तिची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. लहान कुंड्यांतील झाडांना मात्र साधारण १५० च्या वरची विम्लता दीर्घकाळात त्रासदायक ठरते, कारण रोजचे पाणी म्हणजे रोजची चुन्याची मात्रा असते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोन बादल्यांत प्रत्येकी दहा लिटर पाणी आहे; दोन्हींचा सामू ८.० आहे. एकीची विम्लता ६० आणि दुसरीची ३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. मापक दोन्ही बादल्यांत एकच आकडा दाखवील. सामू सहावर आणण्यासाठी पहिल्या बादलीला लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, सुमारे पाऊण ग्रॅम लागेल. दुसरीला चार ग्रॅमच्या वर. एका घरी उपयोगी पडलेली ‘चिमूटभर’ मात्रा शेजारच्या इमारतीत निरुपयोगी किंवा घातक का ठरते, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

विम्लता मोजण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. शोभिवंत मासे पाळणारे लोक ‘केएच’ नावाचा थेंबांचा संच वापरतात. उत्तर कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात रोपे आणि शोभिवंत मासे शेजारी-शेजारी विकले जातात. महाराष्ट्रातही मत्स्यालयाच्या दुकानांत हा संच मागवता येतो. ठरावीक पाण्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक संचांत पाच मिलिलिटर पाण्यामागे एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम विम्लता. तरी संचासोबतचे पत्रक वाचूनच हिशेब करावा. आठ-नऊ थेंबांच्या पुढे रंग बदलला, तर कुंड्यांसाठी ते पाणी सुधारून वापरणे बरे.

सुधारण्याचे सोपे मार्ग दोन. पहिला, जड पाण्यात पावसाचे किंवा आरओचे गाळलेले पाणी मिसळणे. निम्मे-निम्मे मिसळले की विम्लता जवळपास निम्मी होते. दुसरा, मोजून लिंबूसत्त्व घालणे. आम्ल घातल्यावर कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि तो निसटत गेला की सामू पुन्हा थोडा चढतो. म्हणून आम्ल घातल्यावर लगेच एकदा आणि काही तासांनी पुन्हा एकदा सामू मोजावा. तीव्र गंधकाम्ल किंवा नायट्रिक आम्ल घरगुती बागेत हाताळू नये.

पाने पिवळी : कीड की केवडा?

एवढ्या मोजमापाचा अंतिम उपयोग निदानासाठी आहे. विम्ल पाणी दीर्घकाळ मिळालेल्या कुंडीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. उसावर व भुईमुगावर येणारा हा केवडा शेतकऱ्याला परिचित आहे. गच्चीवरील अनंत, जास्वंद आणि लिंबू यांवर तोच दिसला की पुष्कळदा ‘रोग पडला’ किंवा ‘कीड लागली’ असे ठरवून फवारणी सुरू होते. फवारणीने केवडा जात नाही. म्हणून दुसरे औषध आणले जाते आणि मात्रा वाढवली जाते. दरम्यान लेडीबर्ड भुंगेरे, क्रायसोपा आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांसारखे मित्रकीटक मरतात आणि आधी नसलेला मावा वा लाल कोळी खरोखरच वाढतो.

हा गोंधळ टाळण्यासाठी पान उलटून पाहावे. रसशोषक किडींची खूण पानाच्या मागे सापडते. पांढऱ्या माशीची चपटी पिले, चिकट मधाळ स्राव आणि त्यावरील काळी बुरशी. लाल कोळ्याचे बारीक ठिपके आणि तलम जाळी. पिठ्या ढेकणाचा कापसासारखा पुंजका. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली, तर कोळी किंवा फुलकिडे हालचाल करताना दिसतात. लिंबाच्या कोवळ्या पानात नागमोडी चंदेरी रेषा असेल, तर ती नागअळी होय. यांपैकी काहीच नसेल, पिवळेपणा नव्या पानांपासून सुरू झालेला असेल आणि तो पानाच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर औषधाच्या बाटलीआधी मापक हातात घ्यावा.

कुंडीचा सामू निचरा पद्धतीने काढता येतो. कुंडीला नेहमीप्रमाणे पाणी द्यावे आणि अर्धा ते एक तास थांबावे. मग वरून सुमारे १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी हळूहळू ओतून खाली निथळलेले पाणी स्वच्छ बशीत धरावे व त्याचा सामू मोजावा. तो साडेसातच्या आसपास वा वर असेल, तर केवड्याचे कारण सापडले. अशा माध्यमात हिराकस टाकल्यास त्यातील लोह लवकरच अडकून बसते. चिलेटेड लोहातही निवड आहे. ईडीटीए रूप साधारण साडेसहा सामूपर्यंत टिकते, डीटीपीए साडेसातपर्यंत आणि ईडीडीएचए त्याहूनही विम्ल माध्यमात काम करते. सामू ठाऊक नसताना केलेली खरेदी बहुधा वाया जाते.

फवारणीच्या पाण्याचा सामू

कीड खरोखर असेल, तेव्हाही पाण्याचा सामू महत्त्वाचा राहतो. अनेक कीडनाशकांचे विम्ल पाण्यात जलविघटन होते. कॅप्टान या बुरशीनाशकाचा अर्धायुकाल सामू ५ ला सुमारे ३२ तास, सामू ७ ला सुमारे ८ तास, तर सामू ८ ला अवघी १० मिनिटे असतो. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागायतदार फवारणीचे पाणी तपासून घेतात, ते याचसाठी. घरगुती बागेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या निंबोळी उत्पादनांतील ॲझाडिरॅक्टिन सामू ४ ते ६ च्या पट्ट्यात अधिक टिकते; विम्ल द्रावणात त्याचे विघटन वेगाने होते. सकाळी कालवलेले द्रावण संध्याकाळी फवारू नये.

मात्र सर्व फवारण्यांना आम्ल घालणे हीही चूकच. साबणाच्या द्रावणात लिंबूसत्त्व घातले, तर साबण फाटतो आणि मेदाम्ल वेगळे होते. शिवाय जड पाण्यात साबणाचा साका बनतो. त्यासाठी आम्ल न घालता पावसाचे किंवा आरओचे गाळलेले पाणी वापरावे. ताम्रयुक्त बुरशीनाशके आम्लधर्मी पाण्यात अधिक विरघळतात आणि पाने करपवतात. ती आम्ल घातलेल्या पाण्यात कधीही मिसळू नयेत. बॅसिलस थुरिंजिएन्सिसची फवारणी सामू आठच्या वरच्या पाण्यात करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र न्यू टाउनला लागून असलेल्या सॉल्ट लेकमध्ये आहे. शेतजमिनीच्या मोजमापाची शास्त्रशुद्ध परंपरा अशी दोन्ही राज्यांत नांदते आहे. गच्चीवरील कुंडीला ती लागू करण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक गृहसंकुलात किंवा बचत गटात मिळून एक चांगला मापक, बफरचा एक संच आणि विम्लतेच्या थेंबांची एक बाटली एवढे साहित्य पुरेसे आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, प्रत्येक स्रोताचे पाणी मोजावे आणि वहीत पाच रकाने भरावेत : तारीख व वेळ, पाण्याचा स्रोत, तापमान, सामू, विम्लता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा आणि तेथील आकड्याशी आपला आकडा ताडून पाहावा.

सल्ला मागणाऱ्याने ‘सामू आठ आहे, काय फवारू?’ असे विचारले, तर उत्तर देण्याआधी चार प्रश्न करावेत. पाणी कोणते? मापक शेवटचा कधी जुळवला? विम्लता किती? पान उलटून पाहिले का? या चारांची उत्तरे मिळाली, की बऱ्याच प्रकरणांत फवारणीची गरजच उरत नाही. आणि जेथे ती उरते, तेथे औषध कमी लागते व काम अधिक करते.